चाकात हवा भरणारा पशुवैद्य

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शनिवार-रविवारी अधूनमधून एखादी जुनी मोटार दिसते. कुणाची फियाट, कुणाची लँडमास्टर, कुणाची विलीज जीप. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट माणसे आणणारी बोट सुरू झाली आणि वडखळचा वळसा न घालता, जिवापाड जपलेली गाडी थेट किनाऱ्यावर उतरवण्याची सोय हौशी मुंबईकरांना झाली. आमचे चौलचे एक स्नेही मात्र मुंबईकर नव्हेत. त्यांची ॲम्बॅसिडर त्यांच्या वडिलांनी १९६० च्या दशकात घेतलेली. नारळी-पोफळीच्या वाडीच्या कडेला, गोठ्याशेजारच्या पडवीत ती वीस-बावीस वर्षे झाकून उभी होती. गेल्या वर्षी त्यांनी ती बाहेर काढली. इंजिन उघडले, पत्रा ठोकून घेतला, रंग दिला. हे सारे चार महिन्यांत उरकले आणि मग गाडी अडली ती टायरांपाशी.

टायर काय, दुकानात जावे आणि घ्यावेत, त्यात अडायचे कशाला, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटले होते. पण घरात दोन तट पडले होते. या गाडीला मुळात ५.९०-१५ या मापाचे क्रॉसप्लाय टायर असत. म्हणजे रबराच्या आत कापडी दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेद देत बसवलेले. रेडियल टायरमध्ये तेच दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात, चाकातल्या आऱ्यांसारखे, आणि जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे रेडियलची बगल दबते, लवते, पण तळ रस्त्याला सपाट धरून राहतो. धक्के कमी बसतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक चांगला लागतो, टायर टिकतोही जास्त. मग अडचण कसली? अडचण रूपाची. आजचा रेडियल बुटका आणि रुंद. जुन्या उंच, भारदस्त गाडीला तो लावला की पगडीखाली गॉगल चढवल्यासारखे दिसते. परदेशात यावर तोड निघाली आहे. तिकडे १९३० च्या आसपासच्या फोर्ड गाड्यांत दांडगी इंजिने बसवून त्या उडवायचा षोक आहे, हॉट रॉड म्हणतात त्या गाड्यांना. त्या षोकिनांसाठी बाहेरून जुने आणि आतून रेडियल असे टायर बनतात. उंच, अरुंद, जुन्या नक्षीचे, हवी तर बगलेवर पांढरी पट्टी असलेले. मुलाचे मत रेडियलला, वडिलांचे जुन्या क्रॉसप्लायला. आणि मागच्या सीटवर बसणार होत्या त्या स्नेह्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या मातुःश्री. त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

पडवीत काढून ठेवलेल्या जुन्या चार टायरांवर, भेगाळलेल्या रबरातूनही, एक नाव वाचता येत होते. डनलॉप. आपल्या घरांना हे नाव काही नवे नाही. एके काळी दिवाणखान्यात फोमची गादी आली की ती डनलॉपची गादी असे, मग ती कुठल्याही कारखान्यातून आलेली असो. लाकडी चाकांऐवजी रबरी चाकांची बैलगाडी आली, तर तिलाही डनलॉप गाडीच म्हणत. नावाची एवढी ये-जा झाली की हे नाव कुणा माणसाचे असेल हेच आपण विसरलो. माणूस होता. तो रबराचा कारखानदार नव्हता, इंजिनिअर नव्हता, मोटारीशी तर त्याचा काही संबंधच नव्हता. तो गुराढोरांचा डॉक्टर होता.

जॉन बॉइड डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा. गाव ड्रेगहॉर्न, स्कॉटलंडच्या एअरशायर भागातले. घर शेतकऱ्याचे. दिवस भरायच्या दोन महिने आधीच आपण जन्मलो, असे लहानपणी त्याला सांगण्यात आले होते आणि आपली प्रकृती नाजूक आहे ही समजूत त्याने पुढे जन्मभर सांभाळली. गंमत अशी की ऐंशी ओलांडेपर्यंत त्याला म्हणण्यासारखे आजारपण आले नाही. आपल्याकडेही अशी माणसे घरोघरी असतात. सतत मफलर गुंडाळून असतात आणि सगळ्यांच्या पाठी राहून ऐंशी गाठतात!

शेतातल्या जनावरांचा लळा म्हणा, की अंगमेहनतीच्या कामाला हा पोरगा पुरा पडणार नाही ही घरच्यांची चिंता म्हणा, तो एडिंबरोला पशुवैद्यकी शिकायला गेला आणि १८५९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडला. काही वर्षे स्कॉटलंडमध्येच काम केले. १८६७ च्या सुमारास समुद्र ओलांडून तो आयर्लंडला गेला. तिथे डाउनपॅट्रिक गावात भाऊ जेम्स याच्यासह त्याने दवाखाना चालवला आणि पुढे बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर स्वतःचा थाटला. मार्गारेट स्टीव्हन्सन हिच्याशी लग्न झाले, एक मुलगी, एक मुलगा झाला. १८८० च्या दशकात डनलॉपचा दवाखाना त्या भागातल्या मोठ्या दवाखान्यांत गणला जाऊ लागला. मृदू बोलणारा, छातीभर दाढीचा, आपल्या कामात बुडालेला असा हा गृहस्थ. इथेच त्याचे चरित्र संपले असते तर ते चांगल्या पशुवैद्याचे चरित्र झाले असते आणि कुणी ते लिहिलेही नसते.

त्या काळचे शहर घोड्यांवर चालत असे. ट्राम घोड्यांची, मालाच्या गाड्या घोड्यांच्या, डॉक्टरची बग्गी घोड्याची. रस्ते दगडी चिऱ्यांचे. आणि गाडी बेलफास्टची असो नाहीतर चौलची, चाकाच्या कडेला लोखंडी धाव. ज्यांनी गावच्या सुताराकडे धाव बसवताना पाहिली आहे त्यांना आठवेल. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी कडे लालबुंद तापवायचे, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर चढवायचे, वर भसाभसा पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळे आवळून एकजीव होते. चाक पक्के होते खरे, पण रस्त्याचा प्रत्येक दगड जसाच्या तसा गाडीत पोचतो आणि जनावराच्या सांध्यांतही. पंचवीस-तीस वर्षे लंगडी घोडी तपासणाऱ्या माणसाला कठीण रस्ता पायाचे काय करतो हे पुस्तकात वाचावे लागत नाही. टायरच्या शोधाच्या गोष्टीत ही बाजू फारशी सांगितली जात नाही, पण मला तीच खरी वाटते.

गोष्टीतला दुसरा दुवा त्याचा मुलगा. नाव जॉन, घरात जॉनी. वय नऊ-दहा वर्षांचे. त्याला तीनचाकी सायकल घेऊन दिली होती. सायकलींच्या चाकांवर तेव्हा लोखंडी धाव नसे, भरीव रबराची पट्टी असे. पण भरीव रबर आणि लोखंड यांत बसणाऱ्याला फरक तो किती? दगडी रस्त्यावर पोराची हाडे खिळखिळी होत. मोठ्या मुलांबरोबर शर्यतीत तो मागे पडे ते वेगळेच. आता अशा वेळी बाप काय करतो? बहुतेक बाप सांगतात की आमच्या वेळी एवढेही नव्हते. डनलॉप अंगणात जाऊन बसला.

१८८७ च्या ऑक्टोबरात त्याने पहिला प्रयोग केला. जनावरांच्या उपचारासाठी लागणाऱ्या रबरी वस्तू तो स्वतः बनवत असे, तेव्हा रबर कापायचे कसे, चिकटवायचे कसे, याचा हात बसलेला होता. त्याने पातळ रबरी पत्र्याची नळी बनवली. ती लाकडी तबकडीच्या कडेभोवती बसवली, वरून कापड गुंडाळून खिळ्यांनी ठोकले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरून तोंड बांधून टाकले. मग त्याने ही तबकडी आणि तीनचाकीचे नेहमीचे चाक, दोन्ही दवाखान्याच्या अंगणात सारख्याच जोराने घरंगळत सोडली. सायकलचे चाक अर्ध्या वाटेत कलंडले. हवेची तबकडी अंगण पार करून गेली, समोरच्या फाटकाच्या खांबावर आदळली आणि उलटी फिरली. एवढाच प्रयोग. मोठी यंत्रे नाहीत, गणिते नाहीत. अंगण, दोन चाके आणि एक खांब.

पुढच्या फेब्रुवारीअखेर तीनचाकीच्या मागच्या दोन चाकांवर हवेचे टायर चढले. काम पुरे होईतो रात्र झाली होती, पण जॉनीला दम कुठला! चांदणे पडले होते, त्या उजेडातच तो सायकल घेऊन बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी टायरांवर ओरखडा उठला आहे का ते निरखून पाहिले. उठला नव्हता. २३ जुलै १८८८ रोजी डनलॉपने पेटंटसाठी अर्ज केला, डिसेंबरात पेटंट मिळाले. त्याच्या डोळ्यांसमोर सायकल होती आणि फार तर हलक्या गाड्या. टनावारी वजनाची मोटार या हवेच्या नळीवर धावेल, हे त्याच्या स्वप्नातही नसावे.

बेलफास्टमध्ये सायकली बनवणाऱ्या एडलिन कंपनीने या टायरांच्या सायकली तयार केल्या. जाडजूड, फुगलेली, कापड गुंडाळलेली ती चाके पाहून लोक हसले. बारीक, सडपातळ चाके वेगवान, हा तेव्हाचा समज. पण स्थानिक सायकल क्लबाचा कप्तान विली ह्यूम याने अशी एक सायकल घेतली आणि १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो शर्यतीत उतरला. चार शर्यती होत्या, चारही त्याने जिंकल्या. हसणारे गप्प झाले. तिथून तो लिव्हरपूलला गेला, तिथेही एक सोडून सगळ्या जिंकल्या. ह्यूम काही त्या काळचा पहिल्या प्रतीचा सायकलपटू मानला जात नव्हता. म्हणूनच तर सगळ्यांची नजर त्याच्या पायांवरून चाकांकडे गेली.

हरलेल्यांत डब्लिनच्या हार्वे द्यू क्रो या व्यापाऱ्याची मुले होती. बाप स्वतः आयरिश सायकलपटूंच्या संघटनेचा अध्यक्ष. आपली मुले चाकांमुळे हरली हे त्याने ओळखले आणि पोरांची समजूत घालत न बसता ती चाके बनवणाऱ्या माणसाला गाठले. १८८९ च्या अखेरीस डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. धंद्याची सूत्रे द्यू क्रोच्या हाती, पेटंट डनलॉपचे. रबराचा आणि नॅप्थ्याचा वास सहन न होऊन डब्लिनच्या नगरपालिकेने कुरकुर केली, तेव्हा कारखाना इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीला हलवला गेला. आज एखाद्या कारखान्याविरुद्ध गाव उठते तेव्हा तो काही नवा प्रकार नसतो.

आणि इथे घाव बसला. हवेच्या टायरचे पेटंट आधीच दुसऱ्या कुणीतरी घेतलेले निघाले. तोही स्कॉटलंडचाच. रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्येच, म्हणजे डनलॉप पाच वर्षांचा असताना, घोडागाडीच्या चाकांसाठी हवा भरलेल्या रबरी पट्ट्यांचे पेटंट नोंदवले होते. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याच्या बग्ग्या आवाज न करता धावल्याही होत्या. पण तेव्हा चांगले रबर महाग, सायकल जन्माला यायची होती आणि बग्गीवाल्यांना गरज वाटली नाही. थॉमसन १८७३ मध्ये वारला, त्याचे टायर त्याच्याही आधी विस्मरणात गेले होते. डनलॉपने त्याचे नाव ऐकलेले नव्हते, यावर शंका घ्यायला जागा नाही. पण कायद्याला त्याचे काय? १८९० मध्ये डनलॉपचे पेटंट निरर्थक ठरले.

मग पहिला शोधकर्ता कोण? शाळेच्या पुस्तकांत एका ओळीचे उत्तर लागते, म्हणून डनलॉपचे नाव छापतात. न्यायाने पाहिले तर पहिला थॉमसनच. पण मला असे वाटते की थॉमसनने चाक शोधले आणि डनलॉपने त्या चाकाला गिऱ्हाईक मिळवून दिले, तेही ठरवून नव्हे. एकाकडे बग्गीत बसणारे श्रीमंत होते, त्यांना घाई नव्हती. दुसऱ्याकडे जॉनी होता.

पेटंट गेले तरी कंपनी तरली, ती इतरांच्या युक्त्यांवर. डनलॉपचा मूळ टायर चाकाला सोल्युशनने चिकटवून वर कापड गुंडाळलेला असे. पंक्चर झाला की सगळे उसकून काढायचे, ठिगळ लावायचे, पुन्हा चिकटवायचे आणि वाळेपर्यंत बसून राहायचे. १८९० मध्ये वेल्श या इंग्रजाने टायरच्या कडांत तार घालून तो रिमच्या खाचेत अडकवायची रीत काढली. बार्टलेट याने कडेला आकडा देऊन रिममध्ये धरून ठेवायची. कंपनीने दोघांचीही पेटंटे विकत घेतली. वुड्स नावाच्या गृहस्थाने हवा आत घेणारा पण बाहेर न सोडणारा व्हॉल्व्ह तयार केला. सायकलच्या दुकानात बोटभर लांबीची जी रबरी व्हॉल्व्हट्यूब मिळते, आणि जी थुंकी लावून चढवण्यात आपल्यातल्या पुष्कळांचे बालपण गेले, ती त्या वुड्सच्या व्हॉल्व्हची. तिलाही जगात बऱ्याच ठिकाणी डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. बिचारा वुड्स!

धंदा भरभराटला आणि डनलॉप त्यातून बाजूला होत गेला. त्याचे द्यू क्रोशी पटेना. तो सावध वैद्य, समोरचा धाडसी व्यापारी. १८९० च्या दशकाच्या मध्यावर त्याने संचालकपद सोडले, आपला हिस्साही काढून घेतला. त्यानंतर लगेच, १८९६ मध्ये, अर्नेस्ट हूली नावाच्या सटोडियाने ही कंपनी ३० लाख पौंडांना घेतली आणि काही आठवड्यांतच ५० लाख पौंडांची म्हणून बाजारात विकली. नाव ठेवले डनलॉपचे. या व्यवहारातला एक पैही डनलॉपला मिळाला नाही. दोनच वर्षांनी हूलीचे दिवाळे वाजले, हे ऐकून वाचकांना थोडे बरे वाटेल. डनलॉप काही कंगाल झाला नव्हता, हेही सांगायला हवे. डब्लिनला चांगल्या वस्तीत त्याने घर केले, कापडाच्या एका पेढीत भागीदारी घेतली आणि सुखवस्तू माणसासारखा राहिला. शोधकर्ते अन्नान्न दशा होऊन मरतात अशा गोष्टी आपल्याला आवडतात. ही तशी नाही.

चाकात हवा गेली आणि जगाला रबराची तहान लागली. सायकलींच्या वेडाने, पाठोपाठ मोटारींनी रबराचा भाव चढवला, आणि त्याची किंमत आफ्रिकेतल्या काँगोच्या रहिवाशांनी मोजली. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीच्या त्या मुलखात जंगलातल्या वेलींचे रबर ठरलेल्या वजनाइतके आणले नाही तर माणसांना फटके बसत, ओलीस धरले जाई, हात तोडले जात. लाखो माणसे मेली. १९०४ मध्ये रॉजर केसमेंट या आयरिश माणसाने अहवाल लिहून ही कहाणी जगापुढे मांडली. १९०८ मध्ये तो मुलूख राजाच्या हातून काढून घेण्यात आला. यात डनलॉपचा दोष शून्य. एका मुलाच्या पाठीला बसणारे धक्के चुकवायला निघालेली वस्तू कुठल्या कुठे जाऊन पोचली, याचा विचार निवृत्तीच्या त्या वर्षांत त्याच्या मनात कधी आला असेल का? आपल्याकडे केरळात रबराचे मळे १९०२ पासून लागले, मलाया-सिलोनचेही वाढले, तेव्हा कुठे जंगलातल्या रबराची गरज ओसरली.

डनलॉपची शेवटची लढाई मात्र पैशाची नव्हती, चेहऱ्याची होती. दाढीधारी डनलॉपचे चित्र कंपनीचे बोधचिन्ह झाले होते आणि त्याला त्याची संमती होती. पण पुढे जाहिरातवाल्यांची कल्पनाशक्ती सुटली. त्यांनी तेच दाढीवाले डोके एका छानछोकी बाबूच्या धडावर बसवले. उंच टोपी, झोकदार कपडे, हातात छडी, नटवा पवित्रा. जन्मभर साध्या कपड्यांत तबेल्यांतून फिरलेल्या माणसाने आपले हे सोंग रस्तोरस्ती पाहिले. ऐंशीच्या घरात पोचलेल्या म्हाताऱ्याने कंपनीला कोर्टात खेचले. दाव्याचे नावच मोठे विलक्षण होते : डनलॉप विरुद्ध डनलॉप रबर कंपनी. हा वाद थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. पेटंट गेले तेव्हा तो असा भांडला नव्हता, लाखो पौंड हुकले तेव्हाही नाही.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये तो वारला. डीन्सग्रेंज दफनभूमीत त्याला पुरले. हवेच्या टायरचा इतिहास त्याने स्वतः लिहून ठेवला होता, तो मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पुष्कळ वर्षांनी उत्तर आयर्लंडमधल्या एका बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. टोपी नाही, छडी नाही, नुसता दाढीवाला वैद्य.

नाव मात्र धावतच राहिले. १९३६ मध्ये हुगळीकाठी सहागंजला डनलॉप कंपनीचा टायर कारखाना निघाला. आमच्या स्नेह्यांची गाडी उत्तरपाड्याची, टायर सहागंजचे. दोन्ही एकाच हुगळी जिल्ह्यातले. ॲम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, सहागंजचा कारखाना त्याच्याही आधी बंद पडला. मूळ ब्रिटिश कंपनी १९८५ मध्ये दुसऱ्या उद्योगसमूहाने गिळली आणि डनलॉप या नावाची देशोदेशी, मालागणिक वाटणी झाली.

आणि रेडियल? त्याचेही मूळ डनलॉपच्या एका पंक्चरपर्यंत नेता येते. १८८९ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावी एक सायकलवाला पंक्चर झालेला डनलॉप टायर घेऊन मिशेलिन बंधूंच्या रबर कारखान्यात आला. दुरुस्तीला तीन तास लागले आणि वाळायला अख्खी रात्र. एदुआर मिशेलिनने ती सायकल चालवून पाहिली. टायर पुन्हा बसला, पण हवेवर चालण्याचे सुख त्याच्या ध्यानात आले. दोन वर्षांत या भावांनी चटकन काढता-घालता येणारा सायकलचा टायर आणला, १८९५ मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार उतरवली, आणि १९४६ मध्ये त्यांच्याच कंपनीने रेडियलचे पेटंट घेतले. आपल्या देशात रेडियल १९७७ मध्ये जेके टायरने आणला. खड्ड्यांत त्याची नाजूक बगल फाटेल, या भीतीने पुष्कळ वर्षे लोक क्रॉसप्लायलाच धरून होते.

चौलच्या गाडीचा निकाल अखेर मातुःश्रींनी लावला. त्यांनी फक्त एवढेच विचारले की रामेश्वराला जाऊन येताना पाठीला हिसके बसणार आहेत की नाहीत. रेडियल ठरला. परदेशी, जुन्या रूपाच्या टायरांचा खर्च ऐकून स्नेह्यांनी तो नाद सोडला आणि १६५ आर १५ मापाचे, त्यातल्या त्यात उंच दिसणारे टायर घेतले. दुकानदार स्वस्तात देत असलेला एक जोड त्यांनी नाकारला, ते मला आवडले. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो जोड सात वर्षे गोदामात पडून होता. रबर न वापरताही म्हातारे होते, वरून कितीही काळेभोर दिसो. नळ्याही नव्या घातल्या, कारण आमच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने रिमच्या कडा खाल्ल्या होत्या आणि तसल्या कडांवर बिननळीचा टायर हवा धरत नाही. रिम खरवडून, रेडऑक्साइड देऊन घेतले. रेडियल आणि क्रॉसप्लाय एका गाडीत मिसळू नयेत, वळणावर गाडी दगा देते, म्हणून पाचवा टायरही रेडियलच घेतला. पाचवा म्हणजे स्टेपनी. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवणारी कंपनी होती, तिचे हे नाव. ती कंपनी गेली, रस्ता आहे, आणि आपल्याकडे गाडीवान-मेकॅनिकांच्या तोंडी ते नाव रोज येते.

पहिल्या फेरीत मी पुढे बसलो होतो. सुकाणू हळू वेगात जरा जड लागते, अशी स्नेह्यांची कुरकुर होती, आणि बगल किंचित फुगलेली दिसते म्हणून ते दर वळणावर उतरून हवा तपासत होते. मागच्या सीटवर मातुःश्री झोपी गेल्या होत्या.

जुने चार टायर रेवदंड्याच्या एका कोळ्याने मागून नेले. होडी धक्क्याला घासू नये म्हणून ते आता तिच्या कडेला दोरीने टांगलेले आहेत. भरती असली की अर्धे पाण्यात असतात.